आक्काच्या अक्षरातले लेख

माझं अक्षर वाईट आहे. लोक डॉक्टरांच्या अक्षराला नावं ठेवतात, पण डॉक्टरांनी लिहिलेलं औषधाच्या दुकानात तरी वाचता येतं. मी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी मलाच वाचता येत नाही. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं म्हणून झाकून जातं. मी मासिकांत लिहायला लागलो तेव्हा हाताशिवाय दुसरं साधन नव्हतं, आणि माझा हात हा असा.

पहिला लेख मी पुण्याच्या एका मासिकाला पाठवला. लोहाऱ्याच्या बाजारात कुलपं दुरुस्त करायला बसणाऱ्या एका म्हाताऱ्यावर होता. महिन्याभरानं लेख परत आला. सोबत संपादकांचं पोस्टकार्ड होतं : ‘मजकूर चांगला असावा असा अंदाज आहे. वाचता येईल अशा अक्षरात पाठवल्यास खात्री करून घेता येईल.’ मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि स्वतःला लेखक समजत होतो. अंगाचा नुसता तिळपापड झाला. कार्ड फाडायला निघालो होतो, तेवढ्यात आक्कानं ते हातातून काढून घेतलं, वाचलं आणि पोट धरून हसली. मग म्हणाली, "आण ते कागद इकडं. मी उतरवून देते."

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन सोलापूरला गेली होती. दीड वर्षात परत आली, डी.एड. केलं आणि लोहाऱ्याच्या जवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली. परत का आली, हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही. वडील तहसील कचेरीत कारकून होते, त्यांना सगळ्या गोष्टी फाइलीत बंद करून वर दोरी बांधायची सवय होती. आक्काचं अक्षर मात्र पंचक्रोशीत माहीत होतं. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार तिचा, पोरांच्या प्रमाणपत्रांवरची नावं तिची, गावातल्या अर्ध्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांवरचे पत्तेसुद्धा तिचेच. लेख तिनं फुलस्केपवर उतरवला, डावीकडं समास सोडून, कागदाच्या एकाच बाजूला. दोन महिन्यांनी छापून आला. पुढं एकोणीस वर्षं मी जे जे मासिकांत आणि दिवाळी अंकांत लिहिलं, ते छापखान्यात गेलं ते आक्काच्या अक्षरात.

आमची पद्धत ठरून गेली होती. मी एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत नोकरी करायचो. शनिवारी दुपारी सुटलो की एसटी नाहीतर माणसं कोंबून नेणारी वडापची जीप पकडून कुठं ना कुठं जायचो. जीपमध्ये मागं शेळ्यांसोबत बसून केलेला प्रवास आठवला की अजून नाकात तो वास येतो, आणि खरं सांगायचं तर त्या वासासाठी जीव तुटतो. आता गाडी आहे, एसी आहे, आणि कुठं जावंसं वाटत नाही. तेव्हा तामलवाडीच्या फाट्यावर उतरून चार किलोमीटर चालत गेलो, ते कुणीतरी सांगितलं होतं म्हणून की तिथला एक जण आंब्याच्या कोयीवरून झाडाचं वय सांगतो. त्याला काही सांगता आलं नाही. त्याच्या बायकोनं हुरडा खायला घातला आणि मी लेख हुरड्यावर लिहिला.

रविवारी परत यायचो, सोमवार-मंगळवार खरडायचो आणि कागदांचा गठ्ठा आक्काच्या पुढ्यात टाकायचो. ती शाळेतून आली की चहा घ्यायची, पदर खोचायची, आणि वडिलांच्या उतरत्या फळीच्या मेजापाशी मांडी घालून बसायची. पोरांना शिकवताना ती ‘कच्चं’ आणि ‘पक्कं’ म्हणायची, तेच इथंही. माझं ते कच्चं, तिचं ते पक्कं. मधूनच हाक यायची, "अरे, हे ‘विहीर’ हाय का ‘वहिनी’?" मी चिडून म्हणायचो, "संदर्भावरून कळत नाही का तुला?" ती शांतपणे म्हणायची, "संदर्भात दोन्ही बसतंय, म्हणून तर विचारलं."

पक्की प्रत मी कधी वाचली नाही. स्वतःचं लिहिलेलं पुन्हा वाचणं मला आपणच रांधून आपणच ‘वा, काय झालंय’ म्हणण्यासारखं वाटायचं. शिवाय तोवर पुढच्या गावाची जीप पकडायची घाई असायची. पाकीट बंद करणं, तिकिटं लावणं, पोस्टात टाकणं, सगळं आक्काच करायची. अंक आला की मी अनुक्रमणिकेत नाव बघायचो, लेख किती पानं चालला ते मोजायचो आणि मित्रांना दाखवायला निघायचो.

तरी कधीतरी चहाच्या टपरीवर कुणी लेख मोठ्यानं वाचायचं आणि माझ्या कानाला खटकायचं. मला स्वतःला फार आवडलेलं वाक्य कुठं गेलं? एखादा झकास टोमणा मारला होता, तो दिसत नाही. संपादकानं कात्री लावली, दुसरं काय! लेखकाचं आणि संपादकाचं हाडवैर असतं असं मी कुठंतरी ऐकलं होतं आणि मला ते वैर फार हवं होतं. मी लगेच संपादकांना खरमरीत पत्र लिहायचो. ‘आपल्याला माझी वाक्यं पेलत नसतील तर तसं कळवा’, ‘पुण्यात बसून मराठवाड्याची भाषा तासू नका’, असलं बरंच. आणि हे पत्र वाचता यावं म्हणून उतरवायला कुणाकडं द्यायचो? आक्काकडं.

संपादकांचं उत्तर यायचं : ‘आपलं अगत्याचं पत्र मिळालं. आपल्या लेखातला एकही शब्द आम्ही काढत नाही, काढावासा वाटतही नाही. लोभ असावा.’ मी ते वाचून जास्तच चिडायचो. बघा, मी एवढं झाडलं तरी हा माणूस गोड बोलून वेळ मारून नेतो. पुण्याच्या माणसाबद्दल माझी जी मतं झाली, ती बरीचशी या पत्रांवरून झाली. त्या बिचाऱ्यांची मी या जन्मात माफी मागू शकलो नाही. आता ते नाहीत, आणि मासिकही नाही.

या काळात माझं बरं नाव झालं. ‘साध्या माणसांना जपून लिहिणारा लेखक’ असं एका परीक्षणात आलं होतं. जिल्ह्याच्या गावी एका वाचनालयानं शाल आणि नारळ दिला. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की यांच्या लेखणीत माया आहे, ज्यांच्यावर हे लिहितात त्यांना यांनी कधी उघडं पाडलं नाही. मी मान खाली घालून ऐकलं. नम्र दिसावं म्हणून तशी मान घालायची असते. मनातून पटलंच होतं. पोस्टकार्डं यायची, त्यांतही हेच. एका बाईनं लिहिलं होतं, तुमचा लेख वाचून सासूशी तीन महिन्यांनी बोलले. मी ते कार्ड पाकिटात घालून वर्षभर फिरलो.

मग नोकरीत बदली झाली, मी तुळजापुरात बिऱ्हाड केलं. पुढं कॉम्प्युटर घेतला, दोन बोटांनी टाइप करायला शिकलो, आणि आक्काकडं कागद पाठवणं आपोआप थांबलं. तिनंही कधी विचारलं नाही. त्यानंतर माझी दोन पुस्तकं निघाली. दोन्हींची परीक्षणं थंड आली. ‘लेखकाच्या लेखणीला वयानुसार कडवटपणा आला आहे’ असं एकानं लिहिलं. दुसऱ्या पुस्तकात ज्या कुंभारावर लिहिलं होतं, तो बसस्टँडवर समोरून आला आणि मला बघून त्यानं तोंड फिरवलं. मी म्हटलं, लोकांना हल्ली खरं झेपत नाही.

गेल्या वर्षी पुण्याहून एका तरुण प्रकाशकाचा फोन आला. त्यानं माझे जुने लेख कुठंतरी रद्दीत मिळवून वाचले होते. त्याला त्या एकोणीस वर्षांतल्या लेखांचं पुस्तक करायचं होतं. मला आभाळ ठेंगणं झालं. भरात येऊन मी त्याला सांगितलं, "छापलेल्यावर जाऊ नका. संपादकानं फार कात्री लावलीय. माझे मूळ खर्डे आहेत. या वेळी सगळं अख्खं छापू." तो म्हणाला, "सर, मग तेच आपल्या पुस्तकाचं वैशिष्ट्य!" आणि पंधरा दिवसांत जाहिरातही करून मोकळा झाला की हे लेख पहिल्यांदाच मूळ रूपात, एकही ओळ न गाळता येत आहेत.

खर्डे आक्काकडं होते. ती आता निवृत्त होऊन लोहाऱ्यातच दोन खोल्यांत राहते. नुकतंच सोलापूरला तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून बसली होती. डॉक्टरांनी महिनाभर वाचायला बंदी केलेली. खर्डे मागितल्यावर तिचा चेहरा जरा उतरला. बोटानं पलंगाखालची पत्र्याची पेटी दाखवली.

पेटी म्हणजे काय सांगू! माझा प्रत्येक खर्डा, त्याच्यासोबत तो छापून आलेला अंक, दोन्ही सुतळीनं एकत्र बांधलेले, वर्षवार लावलेले. मी स्वतः माझं लेखन असं कधी जपलं नाही. भरून आलं. जमिनीवर बसकण मारली, पहिला गठ्ठा सोडला आणि वाचायला लागलो. तिसऱ्या पानावर पेन्सिलीचा एक हलका कंस दिसला, एका वाक्याच्या दोन्ही बाजूंनी. अंक उघडून बघितला. ते वाक्य छापलेलं नव्हतं. दुसरा गठ्ठा सोडला. दोन कंस. अंकात ती दोन्ही वाक्यं नाहीत. तिसऱ्यात पाच.

संपादकांना लिहिलेल्या पत्रांचे खर्डेही पेटीत होते. एका पत्राला तर पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत एकच मोठा कंस घातला होता. बाहेर राहिलं होतं ते फक्त ‘आपला स्नेहाभिलाषी’.

मी आक्काकडं बघितलं. काळ्या चष्म्यामुळं ती कुठं बघतेय ते कळत नव्हतं.

"हे तू केलंस?"

"व्हय."

"एकोणीस वर्षं?"

"सगळ्यात न्हाय काय केलं. हुरड्यावरच्यात काय बी न्हाय काढलं."

मला इतका राग आला की मी पेटीचं झाकण आपटलं. आपलं म्हणून जे मिरवलं, ते दुसऱ्याच कुणीतरी शिवून अंगावर घातलं होतं, आणि ते चाळीस जणांसमोर शाल-नारळ घेऊन झाल्यावर आता कळत होतं. शिवाय जाहिरात झालेली. मूळ रूपात छापलं तर ज्या मायेचं लोक कौतुक करतात ती कुठं दिसणार? आणि छापलेलंच पुन्हा छापलं तर ते माझं कसं म्हणायचं? मी आक्काला नको नको ते बोललो. लेखकाच्या शब्दाला हात लावणं म्हणजे काय असतं ते तुला कळतं का, असं सुद्धा बोललो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वाच एकेक. मला दिसत न्हाय. मी सांगते का काढलं ते."

जळकोटचा गठ्ठा वर होता. हायवेच्या कडेला पंक्चर काढणारा एक जण लोकांच्या टायरमधून निघालेले खिळे डालड्याच्या डब्यात साठवायचा. मला म्हणाला होता, "साहेब, ह्यातला एकेक खिळा म्हंजी एकेक अडलेला माणूस बघा." लेख गाजला होता. कंसातलं वाक्य मी वाचलं : ‘यातले निम्मे खिळे त्याच्या भावानंच पुढच्या वळणावर टाकलेले असतात, असं हॉटेलवाला डोळा मिचकावून सांगतो.’

"त्याच्या पोरीचं बोलणं चाललं होतं तुळजापूरला," आक्का म्हणाली. "माझ्यासंगं शाळेत एक बाई होत्या, त्यांच्या नात्यात. तू भावाला खिळे टाकणारा केलं असतंस आन् पोरीची सोयरीक मोडली असती."

"पण खरं होतं ते."

"हॉटेलवाल्याचं खरं होतं. तू बघितलं होतंस का टाकताना?"

मी बघितलं नव्हतं. पुढचा गठ्ठा घेतला. लोहाऱ्यातल्या बँडचे उस्ताद, क्लॅरनेट वाजवायचे. मला मास्तर म्हणायचे, "मास्तर, छातीत हवा हाय तवर वाजवायचं, मग पोरं हायेतच." मी लिहिलं होतं की त्यांचे पुढचे दात गेल्यापासून सूर फुटतो आणि खरं तर आता पुतण्याच वाजवतो, उस्ताद नुसते गाल फुगवतात.

"लग्नसराई तोंडावर होती," आक्का म्हणाली. "नंतर छापलं असतंस तर राहू दिलं असतं."

मग भूमकडची खव्याची भट्टी. कढईत दूध आटवणारी बाई. तिचे मनगटापर्यंत भाजलेले हात मला अजून दिसतात. मी लिहिलं होतं, ‘नवरा दिवसभर पारावर पत्ते कुटतो आणि खवा विकायला मात्र टोपी घालून जातो.’ वाक्य मला आजही आवडलं. चांगलं आहे, म्हणालो मी. आक्का म्हणाली, "चांगलंच हाय. पण तू तिला अंक पाठवणार होतास ना? तिला कुठं वाचता येतंय? ती तो अंक वाचायला कुणाच्या हातात देणार होती?"

तिला मी अंक पाठवला होता. तिनं कुणाकडून तरी उलट पत्रही लिहून घेतलं होतं, ‘मालकांनी लेख वाचून दाखवला, सगळ्यांला लई आनंद झाला.’ ते पत्र मी भाषणांत कितीदा वाचून दाखवलं असेल.

असं दुपारभर चाललं. राग कधी गेला ते कळलं नाही. एकेका लेखासोबत तो तो प्रवास, ती ती माणसं वर येत होती; आक्काला माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं. ती त्यांतल्या एकाच्याही घरी गेली नव्हती. मी भेटून आलेली माणसं तिनं माझ्या घाणेरड्या अक्षरातून ओळखली होती, त्यांची लेकरंबाळं, सोयरेधायरे सगळं मनात धरून. मी जिथं वाक्य बघत होतो, तिथं ती त्या वाक्यानंतरचा त्या घरातला दिवस बघत होती. चहा झाला, मी पुन्हा बसलो, आणि आम्ही दोघं पुष्कळ दिवसांनी मनापासून बोलत होतो.

तेवढ्यात एक पातळ गठ्ठा हाताला लागला. एका दिवाळी अंकासाठी मी माहेरी परतलेल्या बायकांवर लेख लिहिला होता. उमरग्यापासून तुळजापूरपर्यंत फिरून पाच जणींशी बोललो होतो. धाडसी लेख म्हणून त्याचं तेव्हा नाव झालं होतं. मी पानं उलटली. कुठंही कंस नव्हता. एकही नाही.

"कुठला काढलास?" आक्कानं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "वाच की."

वाचत गेलो. पाच जणी संपल्या आणि शेवटाकडं मी आमच्या घराविषयी लिहिलं होतं. ते मला आठवत नव्हतं, असं म्हणणं खोटं होईल. आठवत होतं, पण शब्द काय होते ते मी इतक्या वर्षांत पुन्हा बघितले नव्हते. ते डोळ्यांपुढं आले. मी दोन वाक्यं गाळली आणि पुढच्या परिच्छेदावर गेलो. तिला तर दिसत नव्हतं.

"थांब," आक्का म्हणाली. "मधलं सोडलंस."

"काही नाही सोडलं."

मग तिनं चष्मा तसाच ठेवून, वर्गात धडा म्हणून दाखवावा तशी, ती दोन वाक्यं म्हणून दाखवली. " ‘आमच्या घरातही एक टाकलेली बाई आहे. ती मोठ्यानं हसली की आम्ही सगळे मान वर करून तिच्याकडं बघतो, हिला एवढं हसू कशाचं येतंय म्हणून.’ "

एका शब्दाचाही फरक नव्हता. वीसेक वर्षांपूर्वीचा लेख.

आम्हा घरच्यांच्या कोत्या मनावर बोट ठेवलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. स्वतःच्या घरालाही सोडलं नाही म्हणून मी खूश होतो. तो अंक आक्काच्या शाळेत आला असेल, तिच्या सोबतच्या बाईंनी वाचला असेल, पालकांनी वाचला असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. तोपर्यंत गावात तिला कुणी ‘टाकलेली’ म्हटलं नव्हतं. लोक म्हणायचे, आली माहेरी. तो शब्द मी छापून आणला, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं, समास सोडून, वळणदार अक्षरात पक्का करून पोस्टात टाकला. परक्या माणसांसाठी पेन्सिल उचलणारी माझी बहीण या एका पानावर पेन्सिल न उचलता बसली होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"हे का नाही काढलंस?"

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझी कुठं सोयरीक मोडणार होती त्यानं?"

तीच पुढं म्हणाली, "आन् तू ऐकलेलं न्हवतं लिहिलं. बघितलेलं होतं. बघायचात की तुमी सगळे."

"मी आता काढतो. पुस्तकात नको ते."

"न्हाय. बाकीच्यांचं जे काढलंय ते पुन्यांदा घालू नको, त्यांची नातवंडं आता वाचत्यात. पर माझं हाय तसं ऱ्हाऊ दे. तेवढ्याला तरी मी हात लावला न्हाय, म्हणून सांग त्या पुण्याच्या पोराला."

पुण्याच्या पोराला मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि सगळं सांगितलं. तो आधी कुरकुरला. जाहिरात झाली होती ना त्याची. पण पोरगा चांगला निघाला. मूळ रूपाची भाषा त्यानं गुंडाळली आणि लेख अंकांत आले होते तसेच, म्हणजे आक्काच्या प्रतीबरहुकूम छापले. प्रस्तावनेत तिच्याबद्दल लिहितो म्हणालो, तर आक्का म्हणाली, "कशाला, मग लोक काय काय काढलं होतं ते विचारत बसतील." म्हणून प्रस्तावनेत ते लिहिलं नाही.

पुस्तक या वर्षी आलं. परीक्षणं चांगली आली, माया वगैरे शब्द पुन्हा वाचायला मिळाले. धाराशिवला एका महाविद्यालयात त्यावर कार्यक्रम झाला. प्रश्नोत्तरांत मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिनं पुस्तक नीट वाचलेलं दिसत होतं, पानांना कागदाचे तुकडे लावले होते. ती म्हणाली, "सर, अख्ख्या पुस्तकात तुम्ही एकाही माणसाला दुखावलेलं नाही. मग स्वतःच्या घरातल्या बाईबद्दल ही दोन वाक्यं तुमच्या हातून कशी गेली?"

मी उठून उभा राहिलो. मी तिला सांगितलं की बाकीच्या पुस्तकातली माया माझ्या बहिणीची आहे. ती दोन वाक्यं तेवढी माझी आहेत.